खिडकीजवळची कॉट

विसाव्या वर्षापर्यंत मी कधी एकटी झोपले नव्हते. खानापूरच्या घरात माजघरात एक लांब जाजम पडायचं आणि त्यावर आम्ही सगळ्या बायकापोरी ओळीनं आडव्या व्हायचो. माझी जागा ताई आणि धाकटी रेवा यांच्या मध्ये, म्हणजे एका बाजूनं कोपरं आणि दुसऱ्या बाजूनं लाथा. बंगळूरला इंजिनिअरिंगला आले तर वसतिगृहात एकावर एक अशा लोखंडी खाटा. मी खालच्या खाटेवर, आणि वरच्या मुलीनं कूस बदलली की माझ्या डोळ्यांत गंज पडायचा. तिसऱ्या वर्षी ‘सीनियर मुलींनी आपली सोय बाहेर पाहावी’ अशी नोटीस लागली तेव्हा बाकीच्या मुली हवालदिल झाल्या आणि मी मनातल्या मनात टाळी वाजवली. मोकळीक, स्वातंत्र्य असले मोठे शब्द माझ्या गावीही नव्हते. मला फक्त एक कॉट हवी होती. माझी एकटीची. मी उठून गेले तरी जिच्यावरची माझी जागा तशीच राहील अशी.

सोय बघायला बाबा स्वतः आले. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि जगाकडेही विद्यार्थ्याच्या वहीकडे बघावं तसं बघायचे, म्हणजे आधी चूक शोधायची. मला बंगळूरला पाठवतानाच त्यांनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, “एक जरी भानगड कानावर आली, तर तिसरं वर्ष असो नाहीतर चौथं, ट्रंक उचलायची आणि घरी यायचं.” हे बोलणं हवेतलं नव्हतं. ताईचं बी.ए. एका निनावी चिठ्ठीवरून मोडलं होतं. चिठ्ठी खोटी होती हे नंतर सिद्ध झालं, पण तोवर ताईचं लग्न झालेलं होतं. त्यामुळे मी त्यांच्यामागून चालताना प्रत्येक घराकडे त्यांच्या डोळ्यांनी बघत होते आणि धास्तावत होते.

पहिली जागा कॉलेजच्या अगदी दारात. काचेची उंच इमारत, आत जाताना यंत्रावर अंगठा ठेवायचा, आणि हिंदीत बोलणारा मॅनेजर आमच्याकडे न बघता बोलत होता. “हा तुरुंग आहे की कारखाना?” बाबांनी त्याच्यासमोरच मला मराठीत विचारलं. दुसरी जागा देवनहळ्ळीकडे. वर्गातल्या तिघी जणी तिथं फ्लॅट घेणार होत्या आणि चौथी म्हणून मला बोलवत होत्या. द्राक्षाचे मळे काढून आखलेले प्लॉट, लाल माती, चार नव्या इमारती आणि मध्ये वारा. दोन बसा बदलून आम्ही पोचलो तेव्हा बाबा म्हणाले, “यापेक्षा खानापूर जवळ पडेल की गं.” मैत्रिणी खूप आग्रह करत होत्या, पण तिथल्या खोलीत जमिनीवर चार गाद्या ओळीनं मांडलेल्या बघितल्या आणि माझंही मन उडालं.

तिसरी जागा के. आर. पुरमला, स्टेशनच्या पाठीमागच्या गल्लीत. खाली मालकीणबाई एकट्या राहत, वर बाहेरच्या जिन्यानं जायची एकच खोली. मालकीणबाईंचं नाव सुशीलाक्का, वय साठीचं, दोन्ही नाकपुड्यांत खडे, डोक्यात अबोलीचा गजरा. बाबा तोडक्यामोडक्या कानडीत सुरुवात करणार तोच त्या म्हणाल्या, “यावा, आत यावा. मराठीच की तुम्ही? बसा. स्वल्प कॉफी घेता?” बाबांचा चेहरा असा काही फुलला की मला हसू आलं. सीमेवरच्या माणसाला परमुलखात मराठी ऐकू आली की त्याचं निम्मं भान तिथंच सुटतं. “तुम्ही मूळच्या कुठल्या?” बाबांनी विचारलं. “मूळ कुठलं ते कोणाला ठाऊक हो,” सुशीलाक्का म्हणाल्या. “आमच्या लोकांनी घोडी घेऊन इकडं यायला चारशे वरसं झाली म्हणतात. घोडी मेली, आम्ही राहिलो.” बाबा खदाखदा हसले. चूक शोधायचं ते विसरूनच गेले.

दिवेलागणीला मी वर जाऊन खोली बघितली. खिडकीला लागून लाकडी कॉट, अक्का तिला मंच म्हणत, तिच्यावर स्वच्छ गादी, खिडकीतून एक शेवग्याचं झाड आणि पलीकडे रेल्वेचे रूळ. एक कपाट माझं. कॉटखाली एक पत्र्याची पेटी होती, ती आपल्या जुन्या भांड्यांची आहे, तिला हात लावू नकोस, असं अक्कांनी सांगितलं. अट एकच होती. रोज, रविवारीसुद्धा, सकाळी साडेआठला बाहेर पडायचं, किल्ली खालच्या खिळ्याला लावायची, आणि संध्याकाळी सहाच्या आत परत यायचं नाही. “दिवसा मी देवळात, मार्केटात असते. वर कोण आलं, कोण गेलं, मला कटकट नको बा.” मला ही अट जरा विचित्र वाटली. बाबांना मात्र ती शिस्त वाटली. बसस्टॉपवर ते तीन वेळा म्हणाले, “आपली माणसं आहेत. निर्धास्त राहा.” गावी जाऊन त्यांनी हे निदान तीस जणांना सांगितलं असेल.

आणि खरंच, त्या घरात मी सुखात होते. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर पुढचं वाचून कोणी अक्कांना राक्षसीण ठरवायचं. सकाळी पाच-सव्वापाचला पहिली गाडी रुळांवरून जायची, खिडकीची काच थरथरायची आणि खाली अक्कांच्या मिक्सरमध्ये नारळ फिरायला लागायचा. कधी चित्रान्न, कधी उप्पिट्टू, गुरुवारी तांदळाच्या पिठाची भाकरी, तिला त्या अक्की रोट्टी म्हणत. रात्री भात आणि सारू. सारू म्हणजे आपली पातळ आमटीच, पण अक्का ती वाढताना म्हणायच्या, “वाटीत नको घेऊ गं, भातावर घे. वाटीत घेतलं की ती औषध होते.” थंडीत अवऱ्याच्या शेंगा आल्या की आम्ही दोघी पायरीवर बसून दाणे सोलायचो, आणि त्या त्यांच्या मराठीत त्यांच्या सासूच्या चहाड्या सांगायच्या. ती मराठी मला आधी वेडीवाकडी वाटली, मग इतकी आवडली की घरी फोनवर मीही ‘बरं’च्या जागी ‘सरी, सरी’ म्हणायला लागले आणि आईची बोलणी खाल्ली.

सगळ्यात सुख कॉटचं. संध्याकाळी दार उघडलं की अंथरूण ताणून घातलेलं असायचं, चादरीचे कोपरे पाकिटासारखे गादीखाली मोडून खोचलेले, पायथ्याशी माझी गोधडी चौकोनी घडीत. मी सकाळी सगळं विस्कटून जायचे. पहिल्या दिवशी मला संकोच वाटला, दुसऱ्या दिवशी भरून आलं. खाली जाऊन मी अक्कांना म्हटलं, “तुम्ही कशाला माझं अंथरूण घालता?” त्या कढईतून नजर न काढता म्हणाल्या, “असू दे, असू दे.” मी आईला सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं असणार, कारण पुढच्या आठवड्यात गावच्या एका माणसाबरोबर तिनं अक्कांसाठी बेसनाचे लाडू आणि लिंबाचं लोणचं पाठवलं. अक्कांनी ते दोन्ही घेतलं. लाडू तर माझ्यादेखत खाल्ला आणि म्हणाल्या, “आईचा हात चांगला आहे गं तुझ्या.” आज हे आठवलं की त्या बाईच्या थंडपणाला मला हात जोडावेसे वाटतात.

साडेतीन महिने असे गेले. मग एक दिवस वर्गात मला हुडहुडी भरली. आदल्या दोन रात्री कणकण होतीच. परीक्षेची सुट्टी जवळ आलेली, म्हणून मी अंगावर काढत होते. त्या दिवशी मात्र फळ्यावरची अक्षरं पोहायला लागली. अट आठवत होती, पण अट तापाला कोण सांगणार? अकराच्या सुमारास मी गल्लीत आले. अक्का शिंप्याकडे शिवाजीनगरला गेल्या होत्या. किल्ली खिळ्याला नव्हती. मला वाटलं, घेऊन गेल्या असतील. तरी जिना चढले. दार आतून बंद होतं.

आतून. मी कडी वाजवली. आत काहीतरी हललं, कॉट करकरली. माझी कॉट करकरते तशी, डोक्याकडच्या पायाशी. दार उघडलं आणि समोर तिशीची एक बाई उभी, केस सुटलेले, डोळे झोपेनं बारीक, आणि अंगावर माझी गोधडी. आईनं आणि मावशीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली माझी गोधडी.  “यारु?” तिनं कानडीत विचारलं. कोण? माझ्या खोलीच्या दारात उभं राहून ती मला विचारत होती, कोण? मी किंचाळले, “तुम्ही कोण? ही माझी खोली आहे!” घाबरून माझ्या तोंडून मराठीच निघाली होती. तीही तितक्याच घाबरून मराठीतच म्हणाली, “काय बोलतेस? मी दोन वर्सं हितं ऱ्हाते.”

मग जे उलगडत गेलं ते आम्ही दोघींनी दारात उभं राहून, एकमेकींवर ओरडत उलगडलं. तिचं नाव मंदाकिनी, गाव अथणी. एका मोठ्या दवाखान्यात नर्स, कायमची नाइट ड्यूटी, सुट्टीची रात्रही ती जादा पैशासाठी भरायची. सकाळी साडेनवाला यायची, संध्याकाळी साडेपाचला जायची. कॉटखालची पेटी तिची. माझं कुलूपबंद कपाट अक्कांच्या सुनेचं आहे असं तिला सांगितलेलं, आणि गोधडी घरची. अक्कांना सून नव्हती, मुलगाही नव्हता. संध्याकाळी आपण घातलेलं अंथरूण सकाळी परत विस्कटलेलं का असतं, असं तिनं एकदा विचारलं होतं, तर अक्का म्हणाल्या होत्या, “रात्री मी पाठ टेकते गं तिथं, वारं चांगलं येतं.” चादरीचे कोपरे दवाखान्यातल्या पद्धतीनं खोचणारी ही बाई होती. साडेतीन महिने माझ्या उशीवर तिचं डोकं आणि तिच्या डोक्याच्या जागी माझं. मला शिसारी आली. मी गोधडी तिच्या खांद्यावरून ओढली आणि म्हणाले, “कुणाकुणाची घाण काढून येता आणि माझ्या अंथरुणात शिरता!”

 ती हळू म्हणाली, “आंघोळ करून झोपते मी.” एवढंच. तेवढ्यात अक्का पिशवी घेऊन जिना चढत आल्या. मला वाटलं, आता तरी या बाईचा चेहरा पडेल. छे! त्यांनी पिशवी खाली ठेवली, कंबरेवर हात ठेवले, आणि आम्ही दोघींनी एकदम केलेला मारा शांतपणे ऐकून घेतला. “झालं? त्यात ओरडण्यासारखं काय गं? तू रात्री झोपतेस, ती दिवसा झोपती. रिकामा मंच ठेवून त्याची पूजा करायची काय? आमच्या अप्पांची मिलची पाळी. एक चटई, तिघं भाऊ. एक उठला की दुसरा. कोणी मेलं नाही.” आणि मग, खरोखर दुखावून, “परक्याचं अंथरूण दिलं काय मी तुम्हाला? गुजराती पोरगी आली, मल्याळी पोरगी आली, इल्ला म्हटलं मी. मराठीच्या पाठीला मराठीच पाहिजे म्हणून थांबले. दोघी आपल्याच की!” मी आणि मंदाकिनी एकमेकींकडे बघत राहिलो. म्हणजे हिलाही त्याच गळानं ओढलं होतं. यावा, आत यावा, मराठीच की तुम्ही. आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी फसवलं, पण फसवणूक करताना एवढी काळजी कोणी घेतली नाही.

काहीतरी जळजळीत बोलावं म्हणून मी तोंड उघडलं आणि जिन्यावरच ओकले. मंदाकिनीनं मला काखेत धरलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “हिचं अंग भाजूलंय. अक्का, पाणी आणा.” माझ्या, म्हणजे तिच्या, म्हणजे आमच्या कॉटवर तिनं मला झोपवलं. मी तापातही भांडत होते. ती म्हणाली, “तू बरी हो, मग भांडू.”

टायफॉइड निघाला. पुढचे नऊ-दहा दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. ती ड्यूटीवरून आली की आधी माझा ताप बघायची, मला चमच्यानं पेज पाजायची, गोळ्या द्यायची, अंग पुसायची. मग खाली फरशीवर चटई टाकून, गाड्यांच्या खडखडाटात, दुपारच्या उजेडात हात डोळ्यांवर घेऊन झोपायची. दर दोन तासांनी उठायची. संध्याकाळी लाल डोळ्यांनी ड्यूटीला जायची. मी तिला मंदाक्का म्हणायला लागले. माफी मात्र मागितली नाही. ती माझ्यासाठी करते आहे ते तिचं कामच आहे, असं मी मनाशी धरून चालले होते. एका दुपारी मी तिला सगळं सांगितलं, बाबांची अट, ताईची चिठ्ठी. “हे बाबांना कळलं तर मला नेतील, मंदाक्का. शिक्षण संपलं माझं.” ती चटईवर पडल्या पडल्या म्हणाली, “कोण सांगतंय त्यांना? पड गप.”

पण आईनं फोनवर माझ्या आवाजावरून दुखणं ओळखलं आणि बाबा न सांगता येऊन थडकले. दुपारी दोनची वेळ. जिन्यावर त्यांचा खोकला ऐकू आला. मागोमाग अक्का. मंदाक्का धडपडून उठली, विस्कटलेल्या केसांनी चटई गुंडाळत उभी राहिली. बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग तिच्याकडे बघितलं. “या कोण?” अक्का क्षणभरही थांबल्या नाहीत. “पोरीला सांभाळायला ठेवलीय. एकटीला कशी सोडू मी?” बाबांनी माझ्याकडे बघितलं. मंदाक्कानंही बघितलं. खोलीत तिघं जण माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला फक्त चौथं वर्ष दिसत होतं. मी म्हणाले, “हो. कामाला आहेत.”

सांभाळायला हा शब्द अक्कांचा होता. कामाला हा माझा. तो मी का वापरला, हे इतक्या वर्षांत मला सांगता आलेलं नाही.

“कुठल्या हो तुम्ही?” बाबांनी विचारलं. “अथणीची,” ती म्हणाली. “अरे वा! म्हणजे आपल्याच की!” बाबांना इतका आनंद झाला. ते अक्कांपुढे हात जोडून उभे राहिले. म्हणाले, परमुलखात माझ्या लेकीला तुम्ही आई झालात. आईनं अक्कांसाठी इरकली साडी पाठवली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी दिली. मंदाक्कासाठी काही आणलेलं नव्हतं, कारण ती आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. बाबा भले गृहस्थ. कोणाचे कष्ट फुकट घेऊ नयेत, असं मानणारे. ते मला म्हणाले, “अगं, तुझा एखादा जुना ड्रेस असेल तर दे की यांना. किती केलंय त्यांनी.”

मी उठले. भिंतीला धरून कपाटापर्यंत गेले, कुलूप काढलं. वरच एक हिरवा ड्रेस होता, बाहीला जरा विटलेला. नवाही होता त्याच्या खाली. मी हिरवा काढला आणि तिला दिला. दहा दिवस जिच्या हातानं मी पाणी प्याले, तिच्या हातात मी माझा विटका ड्रेस ठेवला. तिनं तो घेतला, छातीशी धरला आणि कामवाली बाई म्हणते तसं, बाबांकडे बघत, खाली मान घालून म्हणाली, “चांगला आहे.”

बाबा संध्याकाळच्या गाडीनं गेले, निर्धास्त होऊन. जाताना त्यांनी मला सांगितलं, “घर चांगलं निवडलंस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाक्का ड्यूटीवरून आली तेव्हा मी खाली बाथरूममध्ये होते. वर गेले तर ती पेटी ओढत दारापर्यंत आलेली. मी म्हटलं, जाऊ नकोस, आपण काहीतरी मार्ग काढू, सुट्टीत मी लायब्ररीत बसेन. तिनं ऐकून घेतलं. रागावलेली दिसत नव्हती, ते जास्त वाईट होतं. म्हणाली, “ताप उतरलाय तुझा. आणखी आठ दिवस तिखट खाऊ नको.” मग पेटी उचलून एकेक पायरी उतरत गेली. हिरवा ड्रेस ती मागं ठेवून गेली असेल म्हणून मी सगळी खोली धुंडाळली. गादीखाली बघितलं, खिडकीत बघितलं. ठेवला असता तर मला रडायला, चिडायला, तो घेऊन तिच्यामागे धावायला तरी काही मिळालं असतं. तिनं तो नेला होता. दिला होता, म्हणून नेला.

तिचा दवाखाना कुठला ते मला ठाऊक होतं. बसनं अर्धा तास. त्या शहरात मी आणखी दीड वर्ष राहिले आणि एकदाही तिथं गेले नाही. अक्कांनी वर येऊन खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, “सरी. आता मंच सगळा तुझा.” दिवसा यायची बंदी उठली. पुढे त्यांनी दुसरी कोणी ठेवली नाही. माझी भीती वाटली असेल, किंवा मराठी मुलगी मिळाली नसेल.

त्या दुपारी मी कॉटवर आडवी झाले. खिडकीतून शेवग्याची सावली भिंतीवर हलत होती, खाली कुकरच्या शिट्या होत होत्या. मला वाटलं होतं की आता डोळ्याला डोळा लागणार नाही, मी स्वतःला खात राहीन. तसं काही झालं नाही. हात-पाय चारी बाजूंना पसरून मी झोपले, आणि इतकी गाढ झोपले की संध्याकाळी अक्कांना मला हाक मारून उठवावं लागलं. त्या झोपेचा धक्का अजून गेलेला नाही.